दारात उभा राहिलेला माणूस



गेल्या एप्रिलमधली गोष्ट आहे. दुपारचे दोन वाजले असतील. त्या वेळी आसगावच्या रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. फाटकाची कडी वाजली. बाहेर वीस-एकवीस वर्षांचा पोरगा उभा होता. खांद्याला मोठी काळी थैली, गळ्यात दोरीला अडकवलेले कसलेसे कार्ड. साबण, फिनाइल आणि भांडी घासायची पावडर विकत होता. "काकू, एकावर एक फ्री आहे जी," म्हणाला. आम्ही नको म्हटले. त्याने घाम पुसला, पाणी मागितले आणि विचारले, "घरी मोठे माणूस कोणी नाहीत काय जी?"

त्या एका प्रश्नाने आमच्या मनात पाल चुकचुकली. घरात मोठे कोणी नाही, हे याला कशाला हवे? आम्ही दार आतून लावले आणि शेजारी फोन केला. दहा मिनिटांत बारा-पंधरा माणसे जमली. कोणी त्याची थैली हातातून घेतली आणि रस्त्यावर उलटी केली. साबणाच्या वड्या घरंगळत नालीपर्यंत गेल्या. त्यातून एक डबाही निघाला, दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी असलेला. कार्ड खरे होते. पोरगा लाखांदूर तालुक्यातला, बारावी झालेला. माल देणाऱ्यांनीच त्याला शिकवले होते की घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावे, लहानांना माल दाखवू नये! त्याने सामान गोळा केले आणि मान खाली घालून तो एसटीच्या थांब्याकडे गेला. कोणी त्याच्यावर हात उचलला नाही, हे आम्ही पुढे कितीतरी दिवस अभिमानाने सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोटो आमच्या मोबाईलवर आला. गर्दीतल्या कोणीतरी काढलेला. तो अड्याळकडच्या एका नातेवाइकाकडून आमच्यापर्यंत परत आला होता आणि खाली लिहिले होते की टोळी फिरते आहे, लेकरे सांभाळा. ते शब्द आमचे नव्हते. पण पहिला फोन आमचाच होता.

तेव्हापासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही. दारात येणाऱ्या अनोळखी माणसाचे आपल्यावर काही देणे लागते का? लागत असेल तर किती? दार तर आपले आहे. ते उघडायचे की नाही, हे ठरवायचा हक्कही आपलाच. मग त्या दुपारी आमचे नेमके काय चुकले?

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर घराच्या बांधणीतच होते. आपल्याकडच्या जुन्या घरांना ओसरी असे, कोणी तिला सपरी म्हणतात. ती ना घर, ना रस्ता. पहाटे येणारा वासुदेव, सुगीनंतर येणारे गोंधळी, पोलिसाचे सोंग घेऊन दरडावणारा आणि मग हसून पसाभर धान मागणारा बहुरूपी, केसांवर भांडी देणाऱ्या बाया, हिवाळ्यात शालींचे गाठोडे घेऊन येणारा काश्मिरी, हे सारे ओसरीवर टेकत. पाणी पीत, दोन गावांच्या बातम्या सांगत आणि पुढे जात. त्यांच्यापैकी कोणी घरात येत नसे आणि कोणाला रस्त्यावर उभेही राहावे लागत नसे. आज आपण सिमेंटचे घर बांधतो तेव्हा ओसरीची जागा आवारभिंत आणि लोखंडी फाटक घेते. आता माणूस एक तर आत, नाही तर बाहेर. मधली जागा गेली आणि तिच्याबरोबर मधले वागणेही गेले. त्यात घरोघरी म्हातारी माणसे एकटी, मुले नागपूर-पुण्याला. अशा घरातल्या माणसाला कडी वाजली की धडकी भरते. त्यात त्यांचा दोष नाही.

आणि भीती अगदीच खोटी आहे असेही नाही. दागिने चमकवून देतो म्हणून येणारे दोघे जण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. आधी पितळेचा गडू फुकट लखलखीत करून देतात. मग बांगडी मागतात, पातेल्यातल्या पाण्यात हळद घालून उकळायला सांगतात, म्हातारी चुलीकडे वळली की बांगडी तरी जाते किंवा तेजाबात तिचे सोने तरी उतरते. अशी फसलेली बाई पुढे सख्ख्या पुतण्यालाही दार उघडताना दचकते. तिला कोणी आतिथ्याचे धडे देऊ नयेत. संशय आला म्हणजे पाप झाले, असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न संशय आल्यावर काय करायचे याचा आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्या ३२९ व्या कलमात दुसऱ्याच्या जागेत घुसण्याचा गुन्हा सांगितला आहे. घरात घुसल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण नुसते पाऊल टाकले की गुन्हा झाला, असे ते कलम म्हणत नाही. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. रीतसर आलेला माणूस अशा हेतूने तिथेच ठाण मांडून बसला, तरी तो गुन्हा होतो. म्हणजे फाटकाची कडी वाजवणे, माल दाखवणे, पाणी मागणे, यांत काही गुन्हा नाही. आपण जा म्हटले आणि तो गेला, तर प्रकरण तिथेच संपले. शंभर-दीडशे वर्षे हाच नियम चालत आला आहे. कायदा आधी मनातला हेतू विचारतो, मग शिक्षा सांगतो. आम्ही हेतू आधीच ठरवून टाकला होता!

साध्या माणसाने कोणाला पकडावे का, हेही कायद्यात लिहिले आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर त्या माणसाला धरता येते, पण विनाकारण उशीर न करता आणि फार तर सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावे लागते. "संशय आला" एवढ्यावर धरता येत नाही. थैली उलटी करण्याचा अधिकार तर कोणालाच नव्हता. उलट एखाद्याची वाट अडवून त्याला जाऊ न देणे हाच कलम १२६ खाली गुन्हा आहे. कायद्याच्या हिशेबाने त्या दुपारी गुन्हा झालाच असेल, तर तो फाटकाबाहेर झाला आणि तो त्या पोराने केला नाही.

अर्थात कायदाही नेहमी गरिबाच्या बाजूने उभा राहिला असे नाही. आपल्या राज्यातला भीक प्रतिबंधाचा कायदा १९५९ चा आहे. त्यात गाणे गाऊन, भविष्य सांगून, खेळ करून किंवा वस्तू विकण्याच्या निमित्ताने दान मागणे हीसुद्धा भीक ठरते आणि दानासाठी कोणाच्या खाजगी आवारात शिरणे हीसुद्धा. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची तरतूद आहे. म्हणजे ज्यांना आपले आजोबा ओसरीवर बसवीत, त्यांतले बहुतेक या व्याख्येत बसतात. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्याची कलमे दिल्लीपुरती रद्द केली. त्याही आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये गेला. त्यातली नजर मात्र अजून गेलेली नाही.

ती नजर कुठवर नेते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. वार रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे छोटे गाव आहे. तिथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली पाच माणसे तिथे आली. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडून, मागून खाणारी. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश कितीतरी दिवस त्या भागात मोबाईलवरून फिरत होते. पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त पुरले. बाजारातल्या जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन कोंडले आणि तिथेच मरेस्तोवर मारले. पाचही जण गेले. ग्रामपंचायतीची खोली! गावाचा न्याय, गावाचे दाखले, गावाची पाणीपट्टी जिथे चालते ती जागा. मारणाऱ्यांतले बरेच जण सकाळी भाजी घ्यायला घरातून निघाले होते. खून करायचा म्हणून कोणी निघाले नव्हते.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे लेकरू उचलून नेताना दिसत. ती मूळची कराचीची होती. हरवलेल्या मुलांबद्दल जागृती करण्यासाठी तिथल्या एका संस्थेने मुद्दाम बनवलेली. शेवटी ते दोघे लेकरू परत आणून सोडतात आणि सूचना देणारा फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला. मुले वाचवण्यासाठी केलेली गोष्ट माणसे मारायला वापरली गेली आणि ती पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपण लेकरांची काळजीच घेतो आहोत असे वाटत होते. आणि आपल्या लेकरांना खरा धोका कोणाकडून असतो? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे एकच सांगतात. लेकरांवरील लैंगिक अत्याचाराच्या नोंदलेल्या प्रकरणांत दहांपैकी नऊहून अधिक आरोपी ओळखीचेच असतात. नातलग, शेजारी, मित्र. त्यांच्यासाठी आपण फाटक आनंदाने उघडतो.

राईनपाड्याची बातमी पसरत होती त्याच रात्री शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात दुसऱ्या पाच जणांना जमावाने घेरले. त्यांच्यात एक तान्हे म्हणावे एवढे लेकरू होते. तीच अफवा, तोच आरडाओरडा, जमाव शेकड्यांनी. पण इथे एका घराने त्यांना आत घेतले आणि दार लावले. पोलीस आले, त्यांनी मोठ्या कष्टाने त्यांना बाहेर काढले. पाचही जण वाचले. ज्यांनी दार उघडले त्यांना तरी आत घेतलेली माणसे कोण होती हे कुठे माहीत होते? त्यांनाही ते संदेश आलेच असतील. खात्री त्यांच्याजवळही नव्हती. खात्री नसताना मारायचे नसते, एवढे मात्र त्यांना ठाऊक होते.

आपल्याला हे चित्र नवे नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढून पाहा. सदोम नगरात लोटाच्या घरी दोन पाहुणे उतरलेले असतात. गावातले तरुण-म्हातारे सगळे घराला वेढा घालतात आणि त्या दोघांना आमच्या हवाली कर म्हणतात. लोट बाहेर येतो आणि आपल्यामागे दार ओढून घेतो. (पुढे तो घाबरून जे द्यायला तयार होतो, त्याचे समर्थन कोणी करू नये.) तेव्हा जमाव लोटालाच ऐकवतो की तू स्वतः बाहेरून आलेला आणि आम्हाला न्याय शिकवतोस काय! अनोळखी माणसाची बाजू घेणारा त्या क्षणी स्वतःच परका ठरतो. हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना समजावून सांगायला नको.

त्याच्याच आधीच्या अध्यायात अब्राहाम आहे. मम्रेच्या झाडांखाली, भर उन्हाच्या वेळी, तंबूच्या दाराशी बसलेला. तीन अनोळखी माणसे दिसतात. तो नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. धावत सामोरा जातो आणि सर्वांत आधी पाणी आणवतो.

पण म्हणून दार सताड उघडे टाकावे, असे आपल्या पूर्वजांनी कधी शिकवले नाही. 'डिडाखे' नावाची एक फार जुनी पुस्तिका आहे. प्रेषितांच्या नंतरच्या पहिल्या पिढ्यांतली. त्या काळी गावोगाव फिरणारे उपदेशक येत, आणि त्यांच्यात भोंदूही असत. पुस्तिका सांगते की फिरता प्रेषित आला तर त्याला प्रभूसारखे स्वीकारावे, पण त्याने एक दिवस राहावे, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला, किंवा जाताना पैसे मागू लागला, तर तो खोटा समजावा. साधा वाटसरू असेल तर दोन-तीन दिवस, आणि कायमचे राहायचे असेल तर त्याने हाताने काम करून खावे. केवढा व्यवहारी नियम आहे हा! फसवणूक होते हे त्यांना पुरते माहीत होते. तरी त्यांनी पारख केली ती माणसाच्या वागण्यावरून, तो अनोळखी आहे यावरून नाही. आणि खोटा ठरलेल्याला मारावे, असे तिथे कुठेही नाही.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टांनी मठासाठी नियम लिहिले. प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त समजून स्वीकारावे, गरीब आणि परदेशी यांची तर विशेष काळजी घ्यावी, असे ते सांगतात. पण त्याच ठिकाणी असेही सांगतात की आधी पाहुण्यासोबत प्रार्थना करावी आणि मगच शांतीचे आलिंगन द्यावे, कारण सैतान फसवतो. फाटकावर कोणाला ठेवायचे हेही त्यांनी लिहिले आहे. शहाणा, वयस्क, निरोप घेता-देता येणारा माणूस. कडी वाजली की त्याने तत्परतेने आणि सौम्यपणे उत्तर द्यावे. तरुण, दांडगट रखवालदार त्यांनी नेमला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आमचे काय चुकले, ते इथे थोडे उमगते. आम्ही दार लावले ते चुकले नाही. साबण घेतला नाही, तेही नाही. शेजाऱ्यांना बोलावले, तेही कदाचित नाही. एकट्या माणसाने सोबत मागावी. पण फोनवर आम्ही म्हणालो, "चोर आलाय जणू." खरे तर म्हणायला हवे होते की एक अनोळखी पोरगा आलाय, जरा येता का. "नको" म्हणणे आमच्या हक्कातले होते. "चोर" म्हणणे नव्हते. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण आठव्या आज्ञेखाली या गोष्टीला नाव देते. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनात खरा धरणे, म्हणजे उतावळा निवाडा. खोटी साक्ष फक्त कोर्टात देतात असे आपण समजतो. मोबाईलवर एका बोटाने ती शंभर जणांपुढे देता येते, शपथेवाचून आणि नावावाचून. पापनिवेदनाला जाताना "मी फॉरवर्ड केले" असे आपल्यापैकी किती जण सांगतात?

कोणी म्हणेल, हे सारे दुसऱ्यांचे प्रश्न आहेत. तसे नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात चोर समजून दोन साधूंना आणि त्यांच्या वाहनचालकाला जमावाने मारले. ते कांदिवलीहून सुरतेकडे एका अंत्यविधीला निघाले होते. भगव्या वस्त्राने त्यांना वाचवले नाही. आणि आपला पांढरा झगा तरी वाचवील काय? डिसेंबर २०१७ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, सतना येथे, खेड्यात नाताळची गाणी म्हणायला गेलेल्या आपल्या सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना धर्मांतराच्या संशयावरून पोलीस ठाण्यात नेण्यात आले, आणि त्यांची विचारपूस करायला आलेल्या फादरांची गाडी बाहेर जाळली गेली. २०२५ मध्ये छत्तीसगडातल्या कांकेर जिल्ह्यात काही गावांच्या वेशीवर पाद्र्यांना प्रवेश नाही असे फलक लागले.

आपण नाताळात कॅरोल म्हणत रात्री दारोदार जातो. ईस्टरनंतर फादर घरे आशीर्वादित करायला फिरतात. सणाच्या वर्गणीसाठी आपले तरुण वही घेऊन कडी वाजवतात. लीजन ऑफ मेरीच्या भगिनी दोघी-दोघी मिळून आजाऱ्यांकडे जातात. प्रभूने आपल्या शिष्यांना असेच दोघा-दोघांनी, झोळी न घेता, अनोळखी गावांच्या दारांशी पाठवले होते. कोणी घेतले नाही तर पायाची धूळ झटकून पुढे जा, म्हणाला. नकार द्यायचा त्या गावांचा हक्क त्याने मान्यच केला होता. आपण त्या दारोदार फिरणाऱ्यांचीच लेकरे आहोत.

गेल्या महिन्यात आपल्या गल्लीतल्या काही जणांनी बसून थोडे बोलणे केले. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या फाटकाला आतून पाहता येईल अशी जाळी लावून द्यायची. दागिने कोणाच्याही हाती द्यायचे नाहीत, पॉलिशवाल्याच्या तर नाहीच. शंका आली तर पोलीस पाटलांना सांगायचे किंवा ११२ ला फोन करायचा, आणि ते येईपर्यंत माणसाला हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. फोटोच्या मुद्द्यावर बरीच वादावादी झाली. एक काका म्हणाले की पुरावा नको काय? तो वाद अजून मिटलेला नाही.

त्या पोराचा फोटो खोटा आहे, असे आम्ही त्याच ग्रुपवर लिहिले होते. दोघांनी हात जोडल्याचे चित्र पाठवले. बाकी कोणी काही बोलले नाही, आणि फोटो कुठवर गेला ते आता कळायला मार्ग नाही. तो पोरगा या बाजूला पुन्हा दिसला नाही. परवा ही सगळी हकीकत घरी पुन्हा निघाली तेव्हा आमच्यातल्या एकीने विचारले, "त्याला पानी देल्लं होतं का मंग?"

नव्हते दिले. गडबडीत राहून गेले होते.